आधी उतारा, मग प्रतिक्रिया

पंचवटीत बातमीदारी सुरू केली तेव्हा धर्माची बातमी म्हणजे महंतांची प्रतिक्रिया आणि त्यावर पुढाऱ्यांचं उत्तर, एवढंच मी धरून चाललो होतो. एका देवस्थानच्या वादात विश्वस्त म्हणाले, "ही आमची पिढीजात वहिवाट." मी ते तसंच छापलं. सकाळीच एका ज्येष्ठ वकिलांचा फोन आला, "अहो, उतारा बघितलात का?"

नव्हता बघितला. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या न्यासाचा उतारा धर्मादाय कार्यालयात मिळतो. मालमत्ता, उद्देश आणि विश्वस्त कसे नेमायचे, याचा वेगळा रकाना त्यात असतो. त्या रकान्यात लिहिलं होतं: न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार. म्हणजे ज्याला मी परंपरा म्हटलं, ती कोर्टाने घालून दिलेली व्यवस्था होती. दुरुस्ती छापली, पण वाईट वाटलं ते आजही वाटतं.

या विषयात येणाऱ्यांना म्हणूनच सांगतो, काळाराम मंदिरापासून सुरुवात करा. २ मार्च १९३० ला तिथं दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं लढवला, तरी दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती आपल्याच नाशिक जिल्ह्यात, येवल्यात. पुढे सार्वजनिक हिंदू मंदिरं सर्वांना खुली करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ने राज्याला दिला, मुंबई राज्याने १९५६ मध्ये प्रवेशाचा कायदा केला आणि २०१६ मध्ये स्त्रियांच्या मंदिरप्रवेशासाठी उच्च न्यायालयात तोच कायदा पुढे आला. जयंतीच्या बातमीत एवढं कधीच मावत नाही. अभ्यासकांनी हा धागा जरूर धरावा.

२०२७ च्या कुंभमेळ्यात मिरवणुकांकडे सगळ्यांचेच कॅमेरे असतील. तुम्ही साधुग्रामच्या, म्हणजे साधूंच्या तात्पुरत्या वस्तीच्या, जागेचे कागद मागा.

आणि निवडणुकीतलं भाषण शब्दशः टिपा, रेकॉर्डिंग जपून ठेवा. धर्माच्या नावावर मतं मागणं गैर ठरवणाऱ्या, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) मधला 'त्याचा धर्म' म्हणजे फक्त उमेदवाराचा की मतदाराचाही, यावर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचं सात जणांचं घटनापीठ चार विरुद्ध तीन असं विभागलं. बहुमताने मतदारालाही त्यात धरलं. वक्ता 'आपला' म्हणाला की 'माझा', हे तुमच्या वहीत असायलाच हवं.