जिल्हावार तक्त्याचा चार्ट: एक्सेल कुठे गडबड करतं आणि ती कशी निस्तरायची

एमआयएसच्या, म्हणजे कार्यालयातली आकडेवारी गोळा करून अहवाल बनवण्याच्या कामाला नव्यानं लागलेल्या माणसाकडे लवकरच येतो तो जिल्हावार तक्ता. ३६ जिल्हे, शेजारी एकेक आकडा, आणि वर निरोप: ‘जरा चार्ट करून पाठवा.’ तक्त्यात कुठेही क्लिक करून ऑल्ट+एफ१ दाबलं की उभ्या स्तंभांचा चार्ट तयार. तो तसाच पाठवू नका.

पहिली अडचण नावांची. ‘बीड’ किंवा ‘लातूर’ कुठेही बसतं, ‘छत्रपती संभाजीनगर’ बसत नाही. नावं आडवी मावली नाहीत की एक्सेल ती तिरकी किंवा उभी करतं, आणि तरी जागा पुरली नाही तर मधली काही गाळून टाकतं. स्तंभ ३६, नावं निम्मी! फॉन्ट सहावर आणणं हा त्यावरचा उपाय नव्हे. ‘चेंज चार्ट टाइप’मध्ये जाऊन आडव्या पट्ट्यांचा बार चार्ट घ्या. प्रत्येक पट्टीला साधारण अर्धा सेंटीमीटर धरला तर ३६ पट्ट्यांना १८ सेंटीमीटर उंची लागते, आणि ए४ कागदावर ती आरामात मावते. एवढं करूनही नावं गळत असतील तर नावांच्या अक्षावर क्लिक करून कंट्रोल+१ दाबा आणि ‘लेबल्स’खाली ‘स्पेसिफाय इंटरव्हल युनिट’मध्ये १ भरा.

बार चार्ट केल्यावर क्रम उलटा दिसेल. शीटमधला पहिला जिल्हा सगळ्यात खाली जातो, कारण एक्सेल पट्ट्या अक्षाच्या मुळापासून, म्हणजे खालून वर रचत जातं. नावांच्या अक्षावर कंट्रोल+१ दाबल्यावर बाजूला उघडणाऱ्या पॅनमध्ये ‘कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर’वर टिक केली की नावं सरळ होतात, पण आकड्यांचा अक्ष उडी मारून वर जाऊन बसतो. तो खाली आणायचा तर तिथेच ‘अॅट मॅक्सिमम कॅटेगरी’ निवडावं लागतं. या सगळ्यापेक्षा सोपं म्हणजे तक्ताच लहानाकडून मोठ्याकडे सॉर्ट करणं: सर्वांत मोठी पट्टी आपोआप वर येते. वर्णानुक्रमे लावलेला चार्ट आपला जिल्हा शोधायला बरा, पण कोण पुढे आणि कोण मागे हे त्यातून डोळ्यांना कळत नाही.

तक्ता जुन्या, युनिकोड (सगळ्या मशीनवर मराठी मराठीच दिसू देणारी पद्धत) नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल. त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, त्यांना फक्त मराठी रूप दिलेलं असतं, आणि चार्ट स्वतःचा वेगळा फॉन्ट लावतो. चार्टला तोच फॉन्ट देऊन आपल्या मशीनवर काम भागतं, पुढच्याच्या मशीनवर भागेलच असं नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग निर्मला यूआय किंवा मंगल लावा.

आता पट्ट्यांची जाडी. एका पट्टीवर क्लिक करून कंट्रोल+१ दाबलं की ‘गॅप विड्थ’ दिसते. अलीकडच्या आवृत्त्यांत बार चार्टला ती १८२ टक्के असते, म्हणजे दोन पट्ट्यांमधली मोकळी जागा पट्टीच्या जाडीच्या जवळपास दुप्पट. ३६ पट्ट्यांत हा पसारा परवडत नाही. ती ४० ते ५०वर आणा. मालिका (म्हणजे आकड्यांचा रकाना) एकच असेल तर लेजंड, म्हणजे कोणता रंग कशाचा हे सांगणारी चौकट, उडवा. पट्टीच्या टोकाला आकडा लिहिणार असाल तर मागच्या ग्रिडलाइन्सही (पार्श्वभूमीच्या रेघा) नकोत. एकच गोष्ट दोनदा सांगून चार्ट गजबजतो.

आकड्यांच्या अक्षाकडे मात्र नीट बघा. सर्वांत लहान आकडा सर्वांत मोठ्या आकड्याच्या पाच-षष्ठांशाहून, म्हणजे सुमारे ८३ टक्क्यांहून मोठा असेल, तर एक्सेल अक्षाची सुरुवात शून्यापासून करत नाही. एका जिल्ह्याचं काम ९२ टक्के आणि दुसऱ्याचं ९८ असेल, तर पहिल्याची पट्टी दुसऱ्याच्या निम्मीसुद्धा भरत नाही आणि बैठकीत उगीच कोणाची तरी खरडपट्टी निघते. पट्टीची लांबी हाच आकडा असतो, म्हणून बार आणि कॉलम चार्टमध्ये या अक्षावर कंट्रोल+१ दाबून ‘मिनिमम’ला शून्य हातानं टाइप करा. लाइन चार्टला हे बंधन नाही, तिथे चढउतार बघायचा असतो. आणि अक्ष नको असेल तर तो डिलीट करण्याऐवजी ‘लेबल पोझिशन’ला ‘नन’ निवडा. बसवलेला शून्य शाबूत राहतो.

रुपयांचे आकडे असतील तर अक्षावर शून्यांची रांग लागते. सगळे थाउजंड आणि मिलियनकडे वळतात, आणि वाचणारा मनातल्या मनात लाख करत बसतो. अक्षाच्या त्याच पॅनमधली ‘डिस्प्ले युनिट्स’ची यादी उघडली तर तिच्यात १,००,००० आणि १,००,००,०००सुद्धा सापडतात, म्हणजे आपले लाख आणि कोटी. नाव दिलेलं नसतं, नुसते आकडे असतात, म्हणून नजर त्यांच्यावरून घसरते. ते निवडल्यावर अक्षाशेजारी एक लेबल येतं. त्यावर क्लिक करून तिथला मजकूर पुसा आणि ‘₹ लाख’ लिहा.

एखादा जिल्हा उठून दिसायला हवा असेल तर बाकीच्या पट्ट्या करड्या ठेवा आणि त्या एकीलाच रंग द्या. पहिल्या क्लिकला सगळी मालिका निवडली जाते, थोडं थांबून केलेल्या दुसऱ्या क्लिकला तेवढी पट्टी. हा रंग नावाला नाही, जागेला चिकटतो, आणि नवखे इथेच फसतात. पुढच्या महिन्यात तक्ता पुन्हा सॉर्ट केला की त्या ओळीवर दुसराच जिल्हा येतो आणि रंग त्याला लागतो. दर महिन्याचं काम असेल तर तिसरा रकाना करा: नाव जुळलं तर आकडा, नाही तर एनए (NA(), म्हणजे ‘आकडा नाही’), असं इफ फंक्शन लावा. ही दुसरी मालिका वेगळ्या रंगात घ्या आणि ‘सीरीज ओव्हरलॅप’ १०० करा, म्हणजे ती पहिलीवर बरोबर बसते. कार्यालयात छपाई बहुधा काळी-पांढरीच होते, तेव्हा लाल-हिरव्याच्या भरवशावर राहू नका. दोन्ही सारखेच करडे उमटू शकतात.

तक्त्यातली खोटही चार्टमध्ये उतरते. फॉर्म्युल्यातून आलेली रिकामी अवतरणचिन्हं माणसाला रिकामी दिसतात, एक्सेल मात्र त्यांना मजकूर समजून शून्य काढतं आणि लाइन धाडकन तळाला जाते. तिथेही एनए वापरा. लपवलेल्या ओळी चार्टमधूनही गायब होतात. त्या हव्या असतील तर ‘सिलेक्ट डेटा’मध्ये ‘हिडन अँड एम्प्टी सेल्स’ आहे. वर्षांचा रकाना चार्टमध्ये दोन हजारांच्या आसपास सरळ रेघ म्हणून उमटला, तर तो चार्ट काढून टाका, तक्त्याच्या डाव्या कोपऱ्यातला ‘वर्ष’ हा मथळा पुसा आणि नव्यानं चार्ट घ्या.

एकदा मनासारखा चार्ट जमला की राइट क्लिक करून ‘सेव्ह अॅज टेम्प्लेट’ करा. त्याआधी आकड्यांच्या अक्षाचा ‘मॅक्सिमम’ ऑटोवर आहे ना ते बघा. हातानं भरलेला असेल तर तोही टेम्प्लेटमध्ये जातो आणि पुढच्या महिन्यातली मोठी पट्टी मध्येच कापली जाते.

शेवटचा टप्पा वर्डचा. साधं पेस्ट केलं तर चार्ट मूळ एक्सेल फाइलशी जोडलेला राहतो, आणि वर्डची फाइल दुसऱ्याकडे गेली की त्याला डेटा उघडता येत नाही. त्यावर लोक ‘एम्बेड वर्कबुक’ निवडतात, आणि ते जास्त धोक्याचं: चार्टबरोबर अख्खं वर्कबुक जातं. शेजारच्या शीटवर पगारपत्रक असेल तर तेही ‘एडिट डेटा’ दाबणाऱ्या कोणाच्याही हाती लागतं. बाहेर जाणाऱ्या अहवालात चार्ट ‘पिक्चर’ म्हणून पेस्ट करा. आकडा बदलला तर पुन्हा पेस्ट करावा लागेल, तेवढं मात्र लक्षात ठेवावं लागतं.