कॅसेटवर ऐकलेला आवाज समोर बसून ऐकायचा असेल तर

डिसेंबर लागला की आमच्या ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहाची, म्हणजे शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाची, पत्रिका फोनवर फिरू लागते आणि पुण्याकडून भाच्या-पुतण्यांचे फोन येतात: "मामी, यंदा तुमच्या आवडत्या गायिका ग्वाल्हेरला गाणार आहेत, आईला घेऊन येऊ का?" जरूर या. समारोहाला तिकीट नसतं, प्रवेश सगळ्यांना मोकळा असतो. पण लहानपणापासून ज्या आवाजावर जीव जडलाय, तो पहिल्यांदा समोर ऐकायचा तर थोडी तयारी करून या. माझ्या ज्या गायिका, त्यांचं नाव इथे घेत नाही, कारण पुढे वयाबद्दल बोलायचं आहे. आमच्या घरात त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे.

पहिली तयारी कानाची. आपल्या मनात बसलेलं गाणं हे कॅसेटचं गाणं असतं. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. त्यात संथ लयीतला बडा ख्याल, जलद छोटा ख्याल, तराणा सगळं कोंबायचं, म्हणून आलाप आखडता घेतलेला. घरचा टेपरेकॉर्डर जरा वेगाने चालत असला तर सूर चढायचा आणि आपल्याला वाटायचं, बाईंचा आवाज हाच. मैफलीत तोच राग तासभर चालतो आणि पहिली पंधरा मिनिटं तर मंद्र आणि मध्य, म्हणजे खालच्या आणि मधल्या सप्तकातच जातात. शिवाय वय. काळी पाचला (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून) गाणाऱ्या बाई आता त्याहून खालच्या पांढरी पाचला गातात. तार म्हणजे वरच्या सप्तकात पूर्वीइतकं थांबत नाहीत, द्रुत ताना मोजक्या घेतात. म्हणून येण्याआधी आठवडाभर जुनी कॅसेट बाजूला ठेवा आणि त्यांचं गेल्या एक-दोन वर्षांतलं एखादं ध्वनिमुद्रण शोधून ऐका. आजचा आवाज कानात बसला की मैफलीत तुलना करण्यात वेळ जात नाही.

उतारवयातलं गाणं ऐकायची सवयच नसेल, तर आमच्याच शहरातल्या पं. कृष्णराव शंकर पंडितांची (१८९३–१९८९) म्हातारपणीची ध्वनिमुद्रणं ऐका. आवाज थकलाय, पण बंदिशीचा एक शब्द इकडचा तिकडे होत नाही, आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं असं की आपण मांडीवर थाप मारतोच.

पत्रिका बघताना तारखेइतकीच सभेची वेळ बघा. समारोहात सकाळच्याही सभा असतात. तुमच्या मनात बाईंचा यमन हा संध्याकाळचा राग असेल आणि त्या सकाळी गाणार असतील, तर तोडी, भैरव किंवा अल्हैया बिलावल असे सकाळचे राग ऐकायच्या तयारीने या. सकाळच्या सभेत यमनची फर्माईश करू नये. सभेची सुरुवात संगीत महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या ध्रुपदाने होते आणि ज्येष्ठ कलाकार बहुधा शेवटी बसतात. म्हणून "आपण उशिरा गेलो तरी चालेल" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. ती मुलं थंडीत कुडकुडत गात असतात, त्यांनाही श्रोते हवेत.

समारोह होतो हजीरा भागात, सूफी संत मुहम्मद गौस यांच्या मकबऱ्याच्या आवारात. मोठी, दगडी जाळ्यांची इमारत गौस यांची. तिच्या बाजूला लहानशा चौथऱ्यावर खांबांची छोटी वास्तू, ती तानसेनाची समाधी. शेजारी चिंचेचं झाड आहे. त्याची पानं चावली की गळा सुरेल होतो असं म्हणतात, म्हणून येणारा-जाणारा पानं ओरबाडतो. तुम्ही ओरबाडू नका. आधी समाधीला नमस्कार करा, मग मांडवात जागा धरा.

जागेबद्दल माझं मत पक्कं आहे. पुढच्या रांगा पाहुण्यांसाठी राखलेल्या असतात, त्यांच्या नादी लागू नका. त्यामागे, जिथून गाणारीचे हात दिसतील अशी जागा धरा. स्पीकरच्या थेट समोर बसलात तर तबलाच ऐकू येतो. आईचे गुडघे दुखत असतील तर कडेची खुर्ची घ्या, मध्येच उठावं लागलं तर लोकांच्या पायांवरून जावं लागत नाही. ग्वाल्हेरची डिसेंबरातली रात्र दहा अंशांखाली उतरते आणि मांडव मोकळ्या हवेत असतो. स्वेटरवर शाल, डोक्याला मफलर, पायात मोजे हवेतच. थर्मासमध्ये चहा आणा. गजक (तिळगुळाची इथली मिठाई) खायची तर सभेआधी खा, कागदाची कुरकुर विलंबितात, म्हणजे संथ लयीत, फार ऐकू येते.

थंडीचा त्रास साजांनाही होतो. तंबोरे सुरातून हलतात, तबल्याची पुडी दंवाने सैल पडते, जुळवायला वेळ लागतो. हा वेळ वाया गेला असं समजू नका. मागे एकदा मी बाईंना तंबोरा लावून घेताना अगदी जवळून पाहिलं. दोन शिष्या मागे बसलेल्या. बाईंनी डोळे मिटून डावा तळवा किंचित खाली दाबला, म्हणजे पंचमाची (प स्वराची) तार चढलीय. शिष्येने खुंटी केसभर सैल केली. तळवा तसाच. मग तारेतला, सूर बारीक जुळवायचा मणी जरासा सरकवला आणि तळवा उघडला. तेवढ्यात बाईंनी कपातलं कोमट पाणी घेतलं आणि षड्ज, म्हणजे सा, लावला. सगळ्या मांडवात गप्पा थांबल्या.

पहिली दहा मिनिटं तुम्हाला काही ऐकू येणार नाही, डोळे भरून येतील. येऊ द्या. विलंबित तिलवाडा किंवा झुमरा तालात बंदिशीचे दोन भाग, स्थायी आणि अंतरा, नीट ऐका. ग्वाल्हेर गायकीत सुरुवातीलाच बंदिश पूर्ण आणि स्वच्छ शब्दांत मांडायची पद्धत आहे. पुढे बेहलावे (सावकाश, घोळवत घेतलेली स्वरांची वळणं), बोलआलाप (बंदिशीच्या शब्दांवरचा आलाप), मग सरळ चढत-उतरत जाणारी सपाट तान. जिथे श्वास पुरत नाही तिथे बाई मागे हात करतात आणि शिष्या तार षड्ज उचलून धरते. हे बघायला मला सगळ्यात आवडतं, कारण कॅसेटमध्ये हे कधीच नव्हतं: गाणं एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाताना. काही मंडळी कुजबुजतात, "आता जमत नाही हो त्यांना." त्यांच्या शेजारून उठून दुसरीकडे बसा.

फोन पिशवीत राहू द्या. दाद द्यायची ती समेवर, एखाद्या "वा!"ने. आलापाच्या मधोमध टाळ्या वाजवू नका.

गाणं संपल्यावर भेटायचं असेल तर लगेच मंचाकडे धावू नका. तासभर गाऊन गळा तापलेला असतो, घाम आलेला असतो आणि बाहेर गारठा. शिष्येला विचारा, "बाईंना दोन मिनिटं नमस्कार करू का?" नाही म्हणाली तर तिथूनच हात जोडा. हो म्हणाली तर वाकून नमस्कार करा आणि आजच्या गाण्यातलं काहीतरी नेमकं सांगा: अंतऱ्यातली अमुक जागा, तमुक तिहाई (तीनदा म्हणून समेवर येणारा तुकडा). "आम्ही लहानपणापासून तुम्हाला ऐकतो" हे त्यांनी हजारदा ऐकलेलं असतं. आईंना मात्र काय बोलायचं ते बोलू द्या, मध्ये पडू नका.

परतीची रिक्षा आधीच ठरवून ठेवा. रात्रीची सभा सुटल्यावर हजीऱ्याहून लष्करात, म्हणजे शहराच्या बाजाराच्या भागात, यायला वाहन पटकन मिळत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला त्या थंडीत रस्त्यावर उभं करू नये.