चायनीज लाल पाकीट द्यायचंय? मग 101 नको, आणि पांढरं पाकीट तर नकोच

सिंगापूरला आलो त्या पहिल्याच वर्षी ऑफिसमधल्या एका चायनीज मैत्रिणीचं लग्न होतं. घरात जे पांढरं पाकीट सापडलं त्यात मी 100 डॉलरची नोट टाकली आणि वर एक डॉलरचं नाणं, कारण आपल्याकडे शून्यावर थांबायचं नसतं ना, वरचा रुपया हवाच. हॉलबाहेर दुसऱ्या कलीगने ते पाकीट बघितलं, नाणं चाचपलं आणि मला सरळ बाजूला ओढलं. चायनीज लोकांत पांढऱ्या पाकिटात विषम रक्कम देतात, पण मयताच्या घरी! हाँगकाँगला तर 101 हा त्या पाकिटातला नेहमीचा आकडा आहे. तिच्या पर्समध्ये एक जादाचं लाल पाकीट होतं म्हणून वाचले.

तेव्हा नवीन आलेल्यांसाठी लिहितेय. लग्नात-सणाला पैसे घालून द्यायचं जे लाल पाकीट, त्याला मँडरिनमध्ये (चीनची मुख्य भाषा) होंगपाव म्हणतात, हाँगकाँगला लायसी, आणि इथे सिंगापूर-मलेशियात आंगपाव. वस्तू एकच.

आधी बघा, तुम्ही देणाऱ्यांत की घेणाऱ्यांत

चायनीज नवीन वर्षाला साधारण नियम असा की लग्न झालेल्यांनी बिनलग्नाच्यांना द्यायचं, मोठ्यांनी लहानांना. वयापेक्षा लग्न महत्त्वाचं, त्यामुळे तिशीतला बिनलग्नाचा भाऊसुद्धा मजेत पाकिटं गोळा करत फिरतो आणि पंचविशीत लग्न झालेली बिचारी वाटत बसते. कमावती मुलं आईवडिलांना पण देतात. बॉस हाताखालच्यांना देतो, उलटं नाही, साहेबाला पाकीट द्यायला जाऊ नका, विचित्र दिसतं. बिल्डिंगचा वॉचमन आणि सफाईवाल्या मावशी यांना मात्र विसरू नका.

वेळ म्हणाल तर नवीन वर्षाच्या पहिल्या दिवसापासून पंधराव्या दिवसापर्यंत, म्हणजे कंदिलांच्या सणापर्यंत. तारीख दरवर्षी हलते, 2026 ला 17 फेब्रुवारी आणि 2027 ला 6 फेब्रुवारी.

पाकीट

लाल, किंवा लाल-सोनेरी. इथे बँका, दुकानं फुकट वाटतात, त्यावर त्या वर्षाचा प्राणी छापलेला असतो, घोडा, ससा वगैरे. गेल्या वर्षीचा प्राणी असलेलं पाकीट काढलं तर शिळं दिसतं, म्हणून नुसती फुलं किंवा अक्षरं असलेली घेऊन ठेवा, ती कधीही चालतात. लग्नाची वेगळी मिळतात, त्यावर 囍 असं आनंदाचं जोडअक्षर असतं, तेवढं ओळखता आलं तरी पुरे.

रक्कम, इथेच सगळे फसतात

आनंदाच्या वेळी सम आकडा. चांगली गोष्ट जोडीने यावी म्हणून. दुःखाला जोडी नको म्हणून तिथे विषम. म्हणजे आपल्या आहेराच्या बरोबर उलटं, आपली 51, 101, 501 ची सवय इथे पूर्ण विसरायची आणि नाणी तर टाकायचीच नाहीत.

पण सम असला तरी चार मात्र नको. चार आणि मृत्यू यांचा उच्चार चायनीजमध्ये जवळपास सारखा, त्यामुळे 4, 14, 40, 44 बाद. आठ सगळ्यांत लाडका, कारण तो ऐकायला भरभराटीच्या शब्दासारखा लागतो, आणि सहा म्हणजे सगळं सुरळीत. यात एक छुपा खड्डा आहे बघा, इथे मुलांसाठी दोन डॉलरच्या नोटा वापरतात, घाईत दोन नोटा सरकवल्या की झाले चार! तीन नोटा टाका किंवा चार नोटा टाका, म्हणजे सहा नाहीतर आठ डॉलर होतात.

किती द्यायचे हे नात्यावर आणि गावावर. चीनमध्ये ग्वांगडाँगचे लोक छोट्या पाकिटांसाठी प्रसिद्ध आहेत, 5-10 युआनसुद्धा चालतात, शकुन महत्त्वाचा. हाँगकाँगला ओळखीच्यांना तिथले 20 डॉलर हे सर्रास. लग्नाचं गणित वेगळं, सिंगापूरला लोक हॉटेलच्या एका टेबलाचा खर्च माणशी किती पडतो ते बघून पाकीट भरतात, म्हणजे आपलं जेवण तरी निघावं, आणि त्याचे दरवर्षीचे रेट लोक बिनधास्त शेअर करतात. पाकिटावर नाव लिहा, कारण लग्नात दाराजवळच्या टेबलावर बसलेली मंडळी नाव आणि रक्कम वहीत उतरवतात. हो, आपल्या आहेराच्या वहीसारखीच, आणि कारणही तेच, उद्या त्यांच्याकडे कार्य निघालं की वही उघडायची.

नोटा

कोऱ्या हव्यात, चुरगळलेली नोट म्हणजे आळस. सिंगापूरच्या बँका सणाआधी कोऱ्या नोटांसाठी ऑनलाइन बुकिंग घेतात, शेवटच्या आठवड्यात जागे झालात तर संपलं. इथली मॉनेटरी ऑथॉरिटी (म्हणजे इथली रिझर्व्ह बँक) मात्र सांगत असते की वापरलेल्या पण स्वच्छ नोटा द्या, कोऱ्या छापून पर्यावरणावर उगाच भार कशाला. हळूहळू पटतंय लोकांना, आज्ज्या सोडून.

देणं आणि घेणं

दोन्ही हातांनी द्या, दोन्ही हातांनी घ्या. देताना "गोंग शी फा त्साय" (भरभराट होवो) म्हणायचं, हाँगकाँगला तेच "कुंग हे फात चोय". आणि समोर उघडायचं नाही, अजिबात नाही, मुलांना घरूनच बजावून न्या. माझ्या मुलीने पहिल्या वर्षी उघडून मोठ्यांदा मोजले होते, मी कुठे बघू असं झालं.

मुलांच्या या पैशांना जुनं नाव आहे या-स्वेइ-छ्येन. गोष्ट अशी सांगतात की स्वेइ नावाचं भूत वर्षाच्या शेवटच्या रात्री झोपलेल्या मुलांना त्रास द्यायचं, एका आईबापांनी लाल कागदात आठ नाणी गुंडाळून उशीखाली ठेवली, ती चमकली आणि भूत पळालं. म्हणून कितीतरी घरी मुलं अजून पाकीट उशीखाली घेऊन झोपतात.

कुणाच्या घरी जात असाल तर सोबत दोन संत्री न्या. कँटोनीजमध्ये (हाँगकाँगची भाषा) संत्र्याचा उच्चार सोन्यासारखा, आपण नाही का आपट्याची पानं सोनं म्हणून देत, तसंच. निघताना यजमान पण तुम्हाला दोन संत्री देतात, नको नको म्हणू नका.

फोनवरून

2014 पासून वीचॅटवर (चीनचं व्हॉट्सॲप समजा) लाल पाकीट पाठवता येतं. एका पाकिटात जास्तीत जास्त 200 युआन, आणि 24 तासांत उघडलं नाही तर पैसे परत. ग्रुपवर एक रक्कम टाकली की ॲप ती सगळ्यांत नशिबाने वाटतं, कुणाला 30 तर कुणाला 30 पैसे, आणि सगळा ग्रुप जेवण सोडून स्क्रीनवर बोटं आपटत बसतो. मला स्वतःला कागदीच आवडतं.

इथे ही पद्धत इतकी पसरलीय की मलय लोक ईदला हिरवी पाकिटं देतात आणि दिवाळीला जांभळी मिळतात. मागच्या दिवाळीला त्याच मैत्रिणीने माझ्या मुलीला जांभळं पाकीट दिलं. घरी येऊन उघडलं तर आत दहाची नोट आणि एक डॉलरचं नाणं.