कौलारू घराचा कुजलेला वासा कसा सांधावा

कोकणातल्या जुन्या घरात वासा मधोमध क्वचितच कुजतो. जाते ते पागोळीकडचे, म्हणजे छपराच्या भिंतीबाहेरच्या कडेचे टोक, नाहीतर भिंतीवर टेकलेला भाग. म्हणून करवत काढण्याआधी पाणी कुठून येते ते शोधा. फुटलेले कौल असेल, पाचोळ्याने तुंबलेली पन्हळ असेल. ते तसेच ठेवून नवे लाकूड बसवले तर तेही कुजणारच.

आता टोच्या घ्या आणि वाशात दर वीतभर अंतरावर खुपसा. जिथे तो सहज रुततो तिथे लाकूड गेले. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. आधी तिचा बंदोबस्त करा. आढे (छपराच्या माथ्यावरचे आडवे लाकूड), तुळई किंवा खांब मऊ लागला तर मात्र हात लावू नका. सगळ्या छपराचा भार त्यांच्यावर असतो. तिथे जाणता सुतारच हवा.

काम उन्हाळ्यात, शाकारणीला कौले उतरतात तेव्हाच उरका. त्या वाशावरची आणि शेजारची कौले आणि ती ज्यांवर टेकतात त्या रिपा काढा. वाशाला भिंतीच्या आतल्या बाजूने टेकू द्या. टेकूखाली फळी हवी, नाहीतर तो जमिनीत रुततो. टेकू घट्ट बसल्याशिवाय काही कापायचे नाही.

कुजलेला भाग कापताना चांगल्या लाकडातही वीतभर आत जा, बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. मग जुन्या वाशाएवढ्याच उंचीचा, पूर्ण वाळलेला सागाचा किंवा ऐनाचा तुकडा त्याच्या कुशीला लावा. पागोळी भिंतीबाहेर दोन फूट असेल तर तुकडा आत किमान चार फूट चांगल्या वाशाला भिडला पाहिजे. नुसते खिळे मारून भागवणारे बरेच असतात. पण खिळे पावसाळी वाऱ्यात सैल होतात. १२ मिमीचे गॅल्वनाइज्ड बोल्ट मोठ्या वायसरांसह, वरखाली नागमोडी बसवा.

कापलेल्या टोकांना, बोल्टच्या भोकांना काजूच्या टरफलाचे तेल पाजा. ते कातडी भाजते, हातमोजे घाला. पुट्टी भरून वर ऑइलपेंट मारण्याचा मोह टाळा, आत कोंडलेली ओल बाहेर पडत नाही. मग रिपा ठोका, कौले चढवा, टेकू सर्वांत शेवटी काढा. पुढच्या उन्हाळ्यात नट पुन्हा आवळा. लाकूड आकसते तसे ते ढिले पडतात.