कौलं उतरवलेल्या घरात पाच महिने

आमचं घर कोकणातल्या, दापोलीजवळच्या आंजर्ल्याचं, आगरातलं, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेतलं. मातीत बांधलेल्या जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. समोर खळं, मग ओटी, पडवी, माजघर आणि मागच्या दाराशी न्हाणी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागलं, तेव्हा आमच्या छपराच्या पश्चिमेच्या पाख्यावर, म्हणजे उतारावर, नारळ आडवा झाला. त्यानंतरचे दोन पावसाळे ताडपत्रीखाली काढले. २०२१ ला तुळशीचं लग्न झालं आणि छपराच्या-भिंतींच्या दुरुस्तीचं काम काढलं, ते एप्रिलच्या अखेरीस संपलं. सासूबाई तेव्हा ब्याऐंशीच्या. त्यांना मुंबईला घेऊन जा, असं सगळे म्हणत होते, पण त्या उंबरा सोडायला तयार नव्हत्या. म्हणून काम चालू असताना आम्ही तिघं त्याच घरात राहिलो. तुमच्यावर अशी वेळ आली तर काय उपयोगी पडेल, ते सांगते.

सुताराला बोलावण्याआधी मुंबई-पुण्याच्या भाऊबंदांना फोन करा. जुन्या घराला हिस्सेदार असतातच. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घराच्या आकारणीचा उतारा, काढून त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते बघा आणि काय पाडणार, काय ठेवणार, हे सगळ्यांना लिहून कळवा. आम्ही माजघराची एक आतली भिंत काढणार होतो. चुलतदिरांनी फोनवर विचारलं, "वहिनी, त्या भिंतीवर माळ्याची तुळई टेकलीय ना?" टेकली होती! कागदासाठी केलेल्या फोनने घर वाचलं.

मग माळा रिकामा करा, आणि तो स्वतः करा. कामकरी वर चढले की त्यांना अडगळ आणि ठेवणीतलं यातला फरक कळत नाही, आणि तो त्यांना कळावा तरी कसा? आम्हाला चार दिवस लागले. ठेवायचं ते सगळं एकाच खोलीत, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर ठेवलं, कारण वाळवी खालून येते.

कामाचे दिवस मोजताना आमच्याकडचा माणूस कॅलेंडर बघत नाही, सण आणि हंगाम बघतो. शिमग्यात पालखी निघाली की गवंडी, सुतार, बिगारी कुणीच आठ-दहा दिवस मिळत नाही, आणि मिळू नये, तो त्यांचा सण आहे. मार्च संपता संपता आंब्याची काढणी लागते, मजुरी चढते. मे अर्धा सरला की वळीव कधीही येतो, आणि ७ जूनच्या सुमारास मृग. म्हणून छपराचं काम शिमग्याआधी, भिंती एप्रिलअखेरपर्यंत, असं आखा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा अर्धवट छपरांच्या घरांचे हाल मी पाहिले आहेत.

आता राहण्याचं. आम्ही पहिल्या दिवसापासून एक नियम पाळला: संध्याकाळी झाकता येईल एवढंच सकाळी उघडायचं. सुताराला हे आवडत नाही. त्याला अख्खं पाखं एकदम मोकळं हवं असतं, काम भराभर होतं. पण रात्री उघड्या छपराखाली झोपायचं तुम्हाला आहे. अवकाळी शिंतोडा जानेवारीतही येतो, आणि उघड्या वाशांवरून उंदीर उतरतात, त्यांच्यामागे साप. आम्ही छपराचे तीन भाग केले. पहिला मागच्या पडवीचा, कारण तिथे चूल आणि गॅस हलवायचा होता. ती बंदिस्त झाल्यावर माजघर, आणि ओटी सगळ्यात शेवटी. ओटीच्या कोपऱ्यात पाटावर देव मांडले आणि शेजारी आईंची, म्हणजे सासूबाईंची, कॉट टाकली. म्हाताऱ्या माणसाची झोपायची जागा सगळ्या कामात एकदाच हलवा. दर महिन्याला हलवलीत तर रात्री उठल्यावर त्यांना दार सापडत नाही, आणि पडणं तिथेच होतं.

कौलं उतरवताना प्रत्येकाचा आवाज घ्या. आमच्याकडे हे काम आईंनी केलं. खळ्यात खुर्ची टाकून बसायच्या, गडी कौल उभं धरायचा आणि त्या उलथन्याच्या दांडीने ठोकायच्या. खणखणीत वाजलं की डावीकडे, बद्द वाजलं की उजवीकडे. बद्द आवाज म्हणजे आत बारीक चीर, डोळ्यांना न दिसणारी. एका कौलाचं वजन दोन-अडीच किलो, वर्षानुवर्षं पाऊस खाल्लेलं, तरी आमची निम्म्याहून जास्त कौलं डावीकडे गेली. ती काथ्याने घासून, शेवाळ काढून पुन्हा चढवली. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, पुढे कारखाने अनेक झाले, आणि प्रत्येकाचा छाप कौलाच्या पाठीवर असतो. तो छाप वाचा. दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत आणि गळती तिथूनच सुरू होते. जुनी सगळी एका पाख्यावर, नवी दुसऱ्या पाख्यावर, अशी वाटणी करा. वळचणीच्या ओळी आणि कडेची कौलं तारेने रिपेला, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्टीला, बांधून घ्या. कौलाच्या खालच्या अंगाला त्यासाठी भोकाचा कान असतो. तार तांब्याची वापरा, साधं लोखंड खाऱ्या वाऱ्यात गंजतं.

कौलांच्या ढिगात हात घालताना हातमोजे घालाच. तिथे विंचू असतात. दंश झालाच तर मंत्र-उतारे करण्यात वेळ न घालवता सरळ दवाखाना गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला, आणि तेव्हापासून आपल्या कोकणातले किती जीव वाचले. आपल्या जवळ हे औषध कुठे मिळतं, ते काम सुरू होण्याआधी विचारून ठेवा.

लाकडाचं थोडक्यात. वाशाची टोकं भिंतीवर टेकतात तिथे आधी कुजतात, मधला भाग चांगला राहतो. हातोड्याच्या दांड्याने ठोकत जा, पोकळ वाजलं तेवढंच कापा आणि जोड द्या. सगळं बदलायचा आग्रह कुणी धरला तर दुसऱ्या सुताराचं मत घ्या. नव्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावलं तर वाळवी दूर राहते, पण ते अंगावर उडालं तर चामडी सोलून निघते. लहान मुलांना त्या दिवशी घरी ठेवू नका.

भिंतीबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण तिथे आम्ही चुकलो. काही वर्षांपूर्वी माजघराच्या पश्चिमेच्या भिंतीला एका ठेकेदाराकडून आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. भिंत आरशासारखी दिसायची. पुढच्या पावसाळ्यानंतर कमरेच्या उंचीपर्यंत रंगाला फुगे आले, मग पांढरं मीठ फुललं, मग पोपडे. चिरा पाणी पितो आणि वारा मिळाला की सोडतो. दोन्ही बाजूंनी सिमेंट मारलं की प्यायलेलं पाणी आतच राहतं. जानेवारीत आम्ही तो गिलावा छिन्नीने काढला. एका जागी थाप मारल्यावर परातीएवढा तुकडा अखंड सुटून आला. मागच्या सांध्यात मी बोट घातलं, तर पहिल्या पेरापर्यंत ते लोण्यासारखं आत गेलं. पावसाळा संपून तीन महिने, आणि माती ओली!

ती भिंत आम्ही महिनाभर उघडी ठेवली, दारं-खिडक्या सताड, रात्री फक्त गोणपाट. तुम्हीही घाई करू नका, भिंत सुकल्याशिवाय काही लावू नका. मग चुन्याचा गिलावा केला. चुना निदान पंधरा दिवस पाण्यात भिजत ठेवायचा, वाळू नदीची घ्यायची. समुद्राची वाळू दारात फुकट पडलेली असली तरी नको, तिच्यातलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं. थर पातळ द्यायचे, प्रत्येक थर झाल्यावर ओलं गोणपाट टांगायचं, नाहीतर उन्हाने भेगा पडतात. गवंड्याला रोजंदारी जास्त द्यावी लागली, दिवस दुप्पट लागले, आणि त्यातला एकही पैसा मला जड वाटला नाही.

धुळीचं म्हणाल तर चिऱ्याची लाल धूळ भातातही येते. पिण्याचं पाणी झाकणाच्या कळशीत ठेवा, अंथरूण रोज सकाळी गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत. विहीर एप्रिलमध्ये तळाला जाते आणि बांधकामालाही पाणी लागतं, म्हणून भिंतीवर मारायचं पाणी न्हाणीतून निघालेलं, साबणाविना, साठवून वापरा. वीज मात्र काटकसरीची जागा नाही. लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरी पूर्ण काढून नवं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारी कळ, बसवून घ्या. ओल्या भिंतींच्या घरात त्याला पर्याय नाही.

आणि काम संपलं म्हणून सुताराचा हिशेब लगेच मिटवू नका, थोडी रक्कम पहिल्या पावसापर्यंत ठेवा, पण तसं आधीच बोलून. पहिला वळीव आला की बॅटरी आणि खडू घेऊन माळ्यावर जा आणि ओल दिसेल त्या वाशावर खूण करा. ऊन पडल्यावर गळतीची जागा सापडत नाही. आमच्या घरात तीन खुणा झाल्या, दोन आढ्याच्या कोन्यांखाली, म्हणजे आढ्यावर बसवायच्या कौलांखाली, एक धुराड्यापाशी. सुतार दुसऱ्या दिवशी सकाळी आला, कोने पुन्हा चुन्यात बसवले, एक कौल बदललं आणि आईंच्या हातचा चहा पिऊन गेला.