पीकनुकसान नोंदवणाऱ्या ॲपमध्ये कॅमेरा आणि लोकेशन कसे वापरावे

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला गव्यांनी भात तुडवले, तर शेतकऱ्याने बांधावरूनच फोटो आणि शेताची जागा नोंदवावी, असे ॲप तुम्ही अँड्रॉइडसाठी बनवत आहात असे धरू.

प्रथम फोटो. फोनमधलेच कॅमेऱ्याचे ॲप उघडून फोटो मागवला, तर कॅमेऱ्याची वेगळी परवानगी लागत नाही. मात्र मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपला लागणाऱ्या परवानग्या जाहीर करणाऱ्या फाइलमध्ये, ती परवानगी लिहून ठेवली असेल आणि वापरणाऱ्याने ती दिलेली नसेल, तर हाच सोपा मार्ग बंद पडतो. म्हणून गरज नसलेली परवानगी लिहूच नये.

लोकेशनचे काम अधिक नाजूक आहे. अँड्रॉइड ६.० पासून, म्हणजे २०१५ पासून, मॅनिफेस्टमधील नोंद पुरत नाही. ॲप चालू असतानाही परवानगी मागावी लागते. ॲप उघडताक्षणी ती मागू नये, ‘शेताची जागा नोंदवा’ हे बटण दाबल्यावर मागावी, कारण तेव्हा मागण्याचे कारण समोरच्याला आपोआप कळते. अँड्रॉइड १२ पासून वापरणारा केवळ ढोबळ ठिकाण देऊ शकतो, आणि ते सुमारे ३ चौरस किलोमीटरच्या परिसरापुरतेच नेमके असते, म्हणजे शेत ओळखण्यास निरुपयोगी. त्यामुळे अचूक आणि ढोबळ या दोन्ही परवानग्या एकत्र मागाव्यात आणि मिळालेल्या ठिकाणाची अचूकता मीटरमध्ये तपासूनच नोंद स्वीकारावी.

जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण रेंज नसलेल्या रानात पहिले ठिकाण सापडायला वेळ लागतो. अशा वेळी घाईने फोनने आधी साठवलेले ठिकाण उचलले, तर सकाळी खानापूरच्या बाजारात गेलेल्या माणसाचे शेत बाजारातच नोंदले जाईल. म्हणून त्या ठिकाणाची वेळ पाहावी, ताज्या ठिकाणासाठी थांबावे, आणि नोंद फोनमध्ये साठवून रेंज आल्यावर पाठवावी.

अँड्रॉइडच्या परवानगीच्या चौकटीतील मजकूर आपल्या हातात नसतो. तो फोनच्या भाषेत येतो. आपल्याकडे एकाच घरात एक फोन कन्नडमध्ये आणि दुसरा इंग्रजीत असतो, तेव्हा चौकटीआधी आपल्याच पडद्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये कारण सांगणे मला अत्यावश्यक वाटते. आयफोनवर हे कारण ॲपच्या माहिती-फाइलमध्येच लिहावे लागते, आणि ते नसेल तर लोकेशनची परवानगी मागता येत नाही, कॅमेरा उघडू पाहणारे ॲप तर तिथेच बंद पडते.

अँड्रॉइड ११ पासून दोनदा नकार मिळाला, की चौकट पुन्हा येत नाही. तेव्हा सेटिंग्जकडे नेणारे बटण द्यावे, आणि त्याशेजारीच गाव व आरटीसी उताऱ्यावरचा (कर्नाटकातील सातबारासारख्या जमीन उताऱ्यावरचा) सर्व्हे नंबर हाताने भरण्याची सोय ठेवावी, म्हणजे परवानगी न देणाऱ्याचीही नुकसानीची नोंद होईल.