ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी कॅबिनेट उघडून बघा

गेम अडखळतोय म्हणजे ग्राफिक्स कार्डच म्हातारं झालंय असं दरवेळी नसतं, पण हे कळायला मला एक अख्खं कार्ड विकत घ्यावं लागलं. नवीन कार्ड आणलं, हौसेने लावलं, गेम चालू केला आणि ज्या चौकात पूर्वी अडकायचा बरोबर त्याच चौकात पुन्हा अडकला. नंतर कळलं की रॅमची एकच पट्टी होती, सिंगल चॅनल, म्हणजे डेटाला एकच वाट, त्यामुळे प्रोसेसरला डेटाच वेळेवर मिळत नव्हता. तशीच दुसरी पट्टी शेजारी लावली, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सोय, चालू केलं आणि मग गाडी पळाली. त्यामुळे आता कोणी विचारलं की कोणतं कार्ड घेऊ, की मी आधी उलट विचारतो, आत्ताचं कार्ड किती टक्के चालतंय?

हे बघणं अगदी सोपं आहे. एमएसआय आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर टाका, त्यासोबत रिवाट्यूनर येतो, त्याने गेम चालू असतानाच कोपऱ्यात जीपीयू युसेज (कार्डाची मुख्य चिप किती टक्के कामात आहे), टेम्परेचर, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) सगळं दिसतं. व्हीसिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेम लिमिट बंद करा, नाहीतर आकडे फसवतात. आता जीपीयू सतत ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल तर कार्ड जीव तोडून काम करतंय, तिथे नवीन कार्डाने फरक पडणार. पण ते ६०-७० वर रेंगाळतंय आणि तरी एफपीएस कमी आहे, तर बहुतेक वेळा घोळ प्रोसेसर किंवा रॅममध्ये असतो. खात्री करायची असेल तर रिझोल्यूशन एकदम खाली आणा. एफपीएस उडी मारून वर गेला तर कार्डच कमी पडत होतं, आणि आहे तिथेच राहिला तर कार्डाची काही चूक नाही. आणि हो, टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ३० टक्केच दिसतोय म्हणून तो मोकळा आहे असं समजू नका. १२ थ्रेडचा, म्हणजे एका वेळी १२ कामं चालवणारा प्रोसेसर असेल आणि गेमचा मुख्य थ्रेड एकाच ठिकाणी पूर्ण अडकला असेल तर एकूण आकड्यात तो जेमतेम ८ टक्के दिसतो, म्हणून प्रत्येक कोअरचा ग्राफ वेगळा उघडून बघायचा.

समजा कार्डच बदलायचंय हे नक्की झालं. मग पुढचा प्रश्न मॉनिटरचा, कारण कार्डाला काम मॉनिटर देतो. १०८०पी म्हणजे साधारण २१ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३७ लाख, आणि फोरके म्हणजे जवळजवळ ८३ लाख. म्हणजे फोरकेला १०८०पीच्या चौपट रंगकाम आहे, दर फ्रेमला. ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा १०८०पी मॉनिटर असेल आणि तो बदलायचा विचारही नसेल तर तगडं कार्ड घेऊन काय करणार, ते आरामात बसून राहील. मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे पण विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० वरच पडून आहे असे लोक तर मी इतके पाहिलेत की आता हसूही येत नाही. ते आधी तपासा, फुकटचं अपग्रेड आहे.

आता कार्डांची नावं. इथे कंपन्यांनी जो गोंधळ घालून ठेवलाय त्याला तोड नाही. जीटीएक्स १०६० दोन प्रकारात आलं, ३ जीबी आणि ६ जीबी, सगळ्यांना वाटलं फरक फक्त मेमरीचा, पण ३ जीबीवाल्यात कोअरही कमी, ११५२, आणि ६ जीबीवाल्यात १२८०. जीटी १०३० चा डीडीआर४ प्रकार तर कहरच, खोक्यावर नाव तेच पण मेमरीचा वेग जीडीडीआर५ वाल्याच्या निम्माही नाही. आरटीएक्स ३०६० आधी १२ जीबीचं आलं, मग ८ जीबीचं, आणि ८ जीबीवाल्यात मेमरीची बस, म्हणजे डेटाच्या वाटेची रुंदी, १९२ बिटवरून १२८ वर आणली. म्हणून फक्त नाव बघून घेऊ नका, मेमरी किती, कोणत्या जातीची आणि बस किती बिट, हे तीनही वाचा. आरएक्स ६५०० एक्सटीची आणखी वेगळी गंमत, ते पीसीआयई स्लॉटच्या (मदरबोर्डवर कार्ड बसतं ती खाच) फक्त ४ लेन, म्हणजे डेटाच्या वाटा वापरतं, त्यामुळे पीसीआयई ३ च्या जुन्या मदरबोर्डवर लावलं की मार खातं, आणि जुन्या मशीनवालेच तर स्वस्त कार्ड शोधत असतात. इंटेलचं आर्क घेणार असाल तर मदरबोर्डला रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) आहे का ते आधी बघा, नसेल तर त्या कार्डाच्या वाटेला जाऊ नका.

मेमरीबद्दल माझं मत सरळ आहे, दोन कार्डांत अडकलात आणि वेग साधारण सारखा असेल तर जास्त व्हीरॅमवालं, म्हणजे कार्डावरची मेमरी जास्त असलेलं घ्या. व्हीरॅम संपली की सरासरी एफपीएस बरा दिसतो पण मधेच कचकन झटके बसतात, भिंतींचे टेक्श्चर (पृष्ठभागावरची चित्रं) मातकट दिसतात आणि उशिरा भरतात. उलट व्हीरॅम पुरेशी असेल तर टेक्श्चर सेटिंग वर नेलं तरी एफपीएसवर फारसा भार येत नाही. नवीन मोठ्या गेममध्ये सगळं अल्ट्रावर ठेवलं तर ८ जीबी १०८०पीलासुद्धा अपुरी पडायला लागलीय.

पॉवर सप्लाय हा विषय लोक सगळ्यात शेवटी आठवतात आणि तोच आधी आठवायला हवा. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत मिळतात, ६ पिनमधून आणखी ७५, ८ पिनमधून १५०. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट पुरतात, ४०९० ला ४५०, म्हणजे एकाच पिढीत चौपट फरक. शिवाय मोठी कार्डं क्षणभर याहून जास्त ओढतात, तेव्हा काठावरचा सप्लाय मशीन फटकन बंद करतो आणि आपण ड्रायव्हरला शिव्या देत बसतो. दोन ८ पिन लागत असतील तर सप्लायपासून दोन वेगळ्या वायरी आणा, एकाच वायरीला लोंबणारी दोन टोकं वापरू नका. साटाच्या, म्हणजे हार्डडिस्कला वीज देणाऱ्या पिनमधून ८ पिन करणारे अडॅप्टर मिळतात, ते घेऊच नका, साटाचं कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॅटसाठी बनलंय, त्यातून १५० ओढले की प्लॅस्टिकचा वास येणारच. आणि एका सप्लायची मॉड्युलर (सुटी निघणारी) वायर दुसऱ्या सप्लायला कधीच लावायची नाही, बसते बरोबर पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि सगळं जळतं. १६ पिनवाल्या नवीन कनेक्टरचं २०२२ मध्ये काय झालं ते आठवत असेल, ४०९० ची टोकं वितळली, त्यात प्लग अर्धवट बसलेला असणं हे एक मोठं कारण निघालं. तो प्लग पूर्ण आत जायला हवा, फट दिसता कामा नये आणि वायर तोंडापाशीच मुरडायची नाही.

माप घ्या. टेप घेऊन मागच्या पट्टीपासून समोरच्या पंख्यापर्यंत, आणि समोर पाण्याच्या कूलरचा रेडिएटर असेल तर त्याची जाडी वजा. एकदा माझं कार्ड हार्डडिस्कच्या पिंजऱ्याला बरोबर एका बोटाने अडलं होतं, शेवटी पिंजऱ्याचे रिव्हेट ड्रिलने काढले, रात्री ११ वाजता, शेजाऱ्यांची माफी मागत.

सेकंडहँड घ्यायला माझी हरकत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डं राबवून नाणी कमावणं, बंद पडल्यावर ढिगाने कार्डं बाजारात आली, ती सगळी खराब होती असंही नाही, बरीचशी कमी व्होल्टेजवर एकाच तापमानाला चालवलेली असायची, झिजतात ते पंखे आणि वाळतात ते थर्मल पॅड. पण समोर चालवून दाखव म्हणायचं, २० मिनिटं लोड द्यायचा, पंख्याची घरघर ऐकायची आणि जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडायचं. जुन्या चिपवर दुसऱ्याच कार्डाचं नाव सांगणारा बायोस मारून नव्या नावाने विकलेली कार्डं असतात, जीपीयू-झेड अशा बऱ्याच कार्डांच्या नावाआधी फेक असं स्पष्ट लिहितं.

बसवताना घाई नको. कंपनी बदलताय, म्हणजे एनव्हिडियावरून एएमडीवर किंवा उलट, तर आधी सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढायचं सॉफ्टवेअर) जुना ड्रायव्हर पुसा, त्या वेळी नेट बंद ठेवा नाहीतर विंडोज मधेच आपला ड्रायव्हर घुसवतो. मग मशीन बंद, सप्लायचा मागचा स्विच बंद, पॉवर बटण एकदा दाबून उरलेला करंट काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. जुनं कार्ड काढताना मागचे स्क्रू काढले की लगेच ओढू नका! स्लॉटच्या टोकाला एक छोटी खिटी असते, ती दाबल्याशिवाय कार्ड सुटत नाही, आणि मोठ्या कूलरखाली तिथे बोट पोचतच नाही. लाकडी पट्टी किंवा पेनाचं मागचं टोक वापरा, स्क्रूड्रायव्हर नको, निसटला तर मदरबोर्डवर रेघ ओढतो. नवीन कार्ड बसलं की त्याच खिटीचा टक्क आवाज येतो. मॉनिटरची केबल कार्डाला लावायची, मदरबोर्डला नाही. हसू नका, मी स्वतः अर्धा तास नवीन कार्ड खराब निघालं म्हणून डोकं धरून बसलो होतो.

आता ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे कार्ड ठरलेल्या वेगापेक्षा (क्लॉकपेक्षा) जास्त पळवणं. खरं सांगू का, पूर्वीसारखी मजा त्यात उरली नाही. २०१२ च्या जीटीएक्स ६८० पासून एनव्हिडियाची कार्डं स्वतःच तापमान आणि पॉवर बघून क्लॉक वर नेतात, म्हणजे आपण करायचं ते बरंचसं कारखान्यातूनच करून येतं. १९०० मेगाहर्ट्झच्या कार्डावर १०० वाढवले तर झाले ५ टक्के, ६० एफपीएसचे फार तर ६३. त्यासाठी कार्ड विकत घेताना महागडा ओसीवाला (आधीच ओव्हरक्लॉक केलेला) प्रकार घेऊ नये असं मला वाटतं. तरी हात शिवशिवतातच, तर पद्धत अशी. आधी काही न बदलता बेंचमार्क, म्हणजे कार्डाची कसोटी घेऊन आकडा देणारा प्रोग्राम चालवा, युनिजिनचा हेवन किंवा सुपरपोझिशन चालतो, आकडा आणि तापमान कागदावर लिहा. मग आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट पूर्ण वर. कोअरचा क्लॉक २५ मेगाहर्ट्झने वाढवा, बेंचमार्क, पुन्हा २५, पुन्हा बेंचमार्क. ड्रायव्हर कोसळला किंवा स्क्रीन काळी झाली की ३०-४० मागे या. मग मेमरी, १०० च्या टप्प्याने, आणि इथे एक खोच आहे, हल्लीच्या बऱ्याच कार्डांची मेमरी चूक झाली की तो डेटा परत पाठवते, त्यामुळे स्क्रीनवर ठिपके न दिसताच स्कोअर उतरायला लागतो. म्हणून चालतंय की नाही एवढंच बघू नका, आकडा वाढतोय का ते बघा, उतरायला लागला की दोन टप्पे मागे. विंडोज सुरू होताना सेटिंग लावायची टिक मात्र चार-पाच दिवस खऱ्या गेमवर चालवल्याशिवाय करू नका.

मला स्वतःला यापेक्षा अंडरव्होल्ट, म्हणजे कार्ड कमी व्होल्टेजवर चालवणं, जास्त आवडतं. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेजचा ग्राफ उघडतो. त्यात ९०० मिलिव्होल्टचा ठिपका उचलून १८५० मेगाहर्ट्झच्या आसपास न्या, त्याच्या उजवीकडचे सगळे ठिपके त्याच उंचीला सपाट करा आणि अप्लाय. माझ्या ३०६० वर १७० वॅटचे १३५ झाले, तापमान ७६ वरून ६८, एफपीएस एखाद-दुसरा कमी आणि पंख्याचा आवाज जवळजवळ गायब. तुमची चिप वेगळी, तिला ९०० झेपलं नाही तर ९२५ द्या. एएमडीवाल्यांना हेच त्यांच्या ॲड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्ये सरळ स्लायडरने करता येतं.

आणि एवढं करूनही कार्ड तापत असेल तर सॉफ्टवेअर बंद करून धूळ बघा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेने ते भन्नाट फिरलं की बेअरिंग जातं, आणि तेवढा एक पंखा सुटा शोधत बसायची वेळ येते.